मचूळ पाण्याने विहिरीचे सिमेंट मजबूत होते का? फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांपासून सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा आणि पंढरपूर भागातील शेतकऱ्यांच्या व गवंड्यांच्या मोबाइलवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. विहिरी बांधण्याची आणि बोअर दुरुस्तीची कामे याच दिवसांत जोरात असल्यामुळे तो पोहोचलाही झपाट्याने. जमिनीखालचे खारे पाणी सिमेंटला मारक नसून पोषक आहे, असे त्याचे म्हणणे आहे. खाऱ्या पाण्यात माल लवकर पकडतो म्हणून तो जास्त मजबूत होतो; समुद्रातल्या तेलविहिरींत सिमेंटमध्ये मुद्दाम मीठ घालतात; रोमन लोकांनी समुद्राच्या पाण्यात बांधलेली बंदरे दोन हजार वर्षे उभी आहेत; जमिनीखाली हवा नसल्याने सळई गंजत नाही आणि एकदा पकडलेल्या सिमेंटला क्षार काही करू शकत नाहीत; आणि एवढे करूनही शंका असेल तर 53 ग्रेडचे सिमेंट वापरावे म्हणजे चिंता नको, असे एकामागून एक दावे त्यात आहेत. शेवटी सल्ला दिला आहे की विहिरीच्या रिंगा आणि बोअरच्या तोंडाचे काम त्याच विहिरीच्या मचूळ पाण्यात करावे, टँकरवर पैसे घालवू नयेत.

मी सोलापुरात बांधकाम साहित्याच्या चाचण्यांचे काम करतो. पाण्याचे नमुने तपासणे आणि काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, फोडून त्यांची ताकद मोजणे हे माझे रोजचे काम आहे. या संदेशातल्या प्रत्येक दाव्यात थोडेसे खरे मिसळलेले आहे, त्यामुळे तो सरळ खोटा म्हणून बाजूला सारता येत नाही. विहीर बांधणारा शेतकरी बहुतेक वेळा कर्ज काढून ती बांधतो, आणि या सल्ल्याची किंमत त्याला चार-सहा वर्षांनी मोजावी लागते. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

लवकर पकडणे आणि मजबूत होणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे पहिला दावा गृहीत धरतो. मिठातल्या क्लोराइडमुळे सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया सुरुवातीला वेग घेते, हे खरे आहे. समुद्राच्या पाण्यात कालवलेले काँक्रीट पहिल्या काही दिवसांत गोड्या पाण्यातल्या काँक्रीटच्या पुढे असते, पण 28 दिवसांनी क्यूब फोडले की तेच 10 ते 15 टक्क्यांपर्यंत मागे पडलेले आढळू शकते. घाईघाईत झालेल्या प्रक्रियेत सिमेंटच्या कणांभोवती तयार होणारा चिकट पदार्थ सगळीकडे सारखा पसरत नाही, आणि आतली छिद्रे मोठी राहतात. गवंडी संध्याकाळी नखाने टोकरून बघतो तेव्हा त्याला फक्त पकड कळते. ताकद कळायला महिना जावा लागतो आणि टिकाऊपणा कळायला कित्येक पावसाळे.

शिवाय आपल्या पाण्यात तो वेग देण्याइतके मीठ असते का, हेही पाहिले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आपल्याकडे ज्याला मचूळ म्हणतात, जे पिताना तोंड वाकडे होते आणि ज्याने डाळ शिजत नाही, त्या पाण्यात लिटरला दोन-चार ग्रॅम क्षार असतात, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांच्या जेमतेम दहावा हिस्सा. एवढ्याने पकडण्याच्या वेळेत डोळ्यांना जाणवेल असा फरक सहसा पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42 अंशांच्या आसपास असतो, काळ्या पाइपातून आलेले पाणी हाताला चटका देते, खडी आणि वाळू दिवसभर उन्हात तापलेली असते; माल लवकर पकडतो तो या उष्णतेने. श्रेय मात्र पाण्याच्या खारेपणाला दिले जाते. आणि उष्णतेने घाईत पकडलेल्या मालाचीही नंतरची ताकद कमीच राहते.

तेलविहिरींचा दावा सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्यामागे मोठ्या उद्योगाचा दाखला आहे. त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

तेलविहीर खोदताना जमिनीत लोखंडी केसिंग, म्हणजे नळी, उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या पोकळीत सिमेंटचा पातळ रस पंपाने भरतात. वरच्या थरातले पाणी, खालचा वायू आणि तेल एकमेकांत मिसळू नयेत आणि केसिंग जागेवर घट्ट राहावे, एवढेच त्या सिमेंटचे काम असते. पुढची खोदाई सुरू करण्यासाठी सुमारे 3.5 मेगापास्कल, म्हणजे 500 पीएसआय इतकी ताकद सामान्यतः पुरेशी धरली जाते. आपल्याकडे विहिरीच्या रिंगेसाठी एम-20 काँक्रीट घातले तरी 20 मेगापास्कलची अपेक्षा असते. तेलविहिरीत चालणारे सिमेंट आपल्या रिंगेला चालेल, असे म्हणणे म्हणजे गोणपाटाने धान्य धरले जाते म्हणून त्याचे छत करावे, असे म्हणण्यासारखे आहे.

आता मिठाविषयी. तेलविहिरींच्या सिमेंटमध्ये मीठ घालतात हे खरे आहे, परंतु ते कशासाठी हे संदेशात सांगितलेले नाही. काही ठिकाणी खोदाई जमिनीखालच्या मिठाच्या जाड थरांतून जाते. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात असे थर शेकडो मीटर, काही ठिकाणी तर सुमारे दोन हजार मीटर जाडीचे आहेत. अशा थरात गोड्या पाण्याचा सिमेंटरस गेला तर तो भोवतालची मिठाची भिंत विरघळवतो, सिमेंट आणि भिंत यांच्यात फट पडते आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून रसातले पाणी आधीच मिठाने भरून घेतात, म्हणजे ते आणखी मीठ ओढून घेत नाही. हा इलाज भिंत वाचवण्यासाठी आहे आणि त्याची किंमत सिमेंटच्या ताकदीतून दिली जाते. पाण्याच्या वजनाच्या साधारण 10 टक्क्यांपर्यंत मीठ असेल तर पकड लवकर येते, 10 ते 18 टक्क्यांच्या दरम्यान फारसा फरक पडत नाही, आणि त्यापुढे, विशेषतः 36-37 टक्क्यांच्या संपृक्त अवस्थेत, पकड लांबते आणि ताकद घटते. त्या क्षेत्रातल्या अभियंत्यांना हे ठाऊक असते आणि ते त्याचा हिशोब आधीच धरतात.

समुद्रातल्या फलाटांवर कधीकधी सिमेंटचा रस समुद्राच्या पाण्यातच कालवतात, हेही खरे आहे. किनाऱ्यापासून दूर प्रत्येक कामासाठी गोडे पाणी नेणे परवडत नाही. परंतु तिथले सिमेंट वेगळ्या जातीचे असते. त्याला भारतीय मानक आयएस 8229 आहे, आणि त्याच्या सल्फेटला तोंड देणाऱ्या प्रकारांत ट्रायकॅल्शियम अल्युमिनेट हा घटक मुद्दाम कमी ठेवलेला असतो. ज्या पाण्यात रस कालवायचा तेच पाणी प्रयोगशाळेत आणून, विहिरीच्या तळाशी असेल तितक्या तापमानात आणि दाबाखाली, तो रस किती वेळ पंपाने ढकलता येईल आणि पुढे किती ताकद धरेल, हे आधी मोजतात. आपल्या बांधावर गवंडी घमेल्याने पाणी ओततो तेव्हा यातले काय होते?

आणि सोलापूरच्या जमिनीखाली मिठाचा थर नाही. इथे दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यावर मुरूम आणि वर काळी माती. आपल्या पाण्यातला खारेपणा वरून आलेला आहे. वर्षाला सरासरी 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, कडक ऊन, निचरा न होणारी भारी काळी जमीन, आणि उजनीच्या कालव्यांमुळे पाटाच्या पाण्यावर वर्षभर उभा असलेला ऊस, हे सगळे एकत्र आले की जमिनीतले पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भीमा आणि सीना काठच्या अनेक गावांत जमिनी क्षारपड झाल्या त्या अशाच. या क्षारांत मिठाबरोबर सल्फेट असते, मॅग्नेशियम असते, बायकार्बोनेट असते. तेलविहिरीत मोजून घातलेले शुद्ध मीठ आणि आपल्या विहिरीतले हे मिश्रण यांची तुलनाच होऊ शकत नाही.

रोमन बंदरांबद्दल थोडक्यात. त्यांच्या काँक्रीटमध्ये चुना आणि ज्वालामुखीची राख होती, पोर्टलँड सिमेंट नव्हते. पोर्टलँड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, एकस्व (पेटंट) 1824 साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये घेतले. त्या राखेची समुद्राच्या पाण्याशी सावकाश प्रक्रिया होऊन नवे खनिज तयार होते, म्हणून ती बांधकामे टिकली. आणि त्यांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नव्हती. आपल्या रिंगेत ती असते, आणि खाऱ्या पाण्याचा पहिला वार तिच्यावरच होतो.

सळई आणि हवा यांच्याविषयीच्या दाव्यात दोन वेगळी विधाने एकत्र बांधली आहेत. ती सुटी केली पाहिजेत.

कायम पाण्याखाली बुडालेल्या भागात प्राणवायू फार कमी पोहोचतो आणि तिथे गंज सावकाश चढतो, एवढे बरोबर आहे. पण आपल्या विहिरी कायम भरलेल्या असतात का? श्रावण-भाद्रपदात पाणी वर येते, फाल्गुनानंतर तळ गाठते, आणि मधला सगळा पट्टा वर्षातून एकदा भिजतो आणि एकदा वाळतो. मोहोळ तालुक्यातल्या सीनेकाठच्या एका विहिरीत मी वैशाखात उतरलो होतो. रिंगा सहा वर्षांपूर्वीच्या, ठेकेदाराने त्याच विहिरीचे पाणी वापरून जागेवरच ओतलेल्या. तळाशी पाण्याखालच्या रिंगा दिसायला ठीक होत्या. सगळ्यात वरच्या रिंगाही ठीक होत्या. मधल्या तीन रिंगांवर मात्र लोणा फुलला होता, बोट लावले तर पिठासारखा पांढरा थर बोटाला येत होता, आणि त्या पांढऱ्यातून आडव्या सळईच्या समांतर तांबूस रेघा खाली ओघळल्या होत्या. हातोडी मारली तर पोकळ आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला तळहाताएवढी खपली सुटून पाण्यात पडली, आणि मागे जी सळई दिसली तिचे पापुद्रे नखाने निघत होते. विहिरीच्या मालक काकांनी वरून विचारले की वरून पुन्हा प्लास्टर केले तर चालेल का. चालणार नव्हते, आणि ते त्यांना सांगताना मला फार वाईट वाटले.

असे होण्याचे कारण साधे आहे. चांगल्या काँक्रीटमधल्या चुन्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून असतो. क्लोराइड तिथवर पोहोचले की तो थर फुटतो. वाळण्याच्या काळात पाणी उडून जाते, क्लोराइड मात्र छिद्रांतच राहते, आणि प्रत्येक वर्षी त्याचे प्रमाण वाढते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधीकधी कितीतरी पट असते, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो.

एकदा पकडलेल्या सिमेंटला क्षार काही करत नाहीत, हे दुसरे विधान तर पूर्ण चुकीचे आहे. भूजलातले सल्फेट पकडलेल्या सिमेंटमधल्या चुन्याशी आणि अल्युमिनेटशी संयोग पावून एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक आणि जिप्सम तयार करते. हे स्फटिक जागा मागतात, काँक्रीट फुगते, कडांना तडे जातात, आणि तड्यांतून आणखी पाणी आत शिरते. मॅग्नेशियमचे काम त्याहून वाईट आहे, कारण ते चुन्याची जागा घेऊन थांबत नाही, तर सिमेंटला ज्याने ताकद येते त्या मूळ चिकट पदार्थातले कॅल्शियमही हळूहळू काढून घेते, आणि मागे चिकटपणा नसलेला मऊ पदार्थ उरतो. विहिरीच्या बाहेरच्या बाजूने, जिथे आपली नजर पोहोचत नाही तिथे, हे वर्षानुवर्षे चालू राहते.

कालवण्याच्या पाण्यापुरताच हिशोब मांडला तरी चित्र स्पष्ट होते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठी कालवण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सळई नसेल तर 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालते. आणि तयार काँक्रीटमध्ये सगळीकडून मिळून आलेले क्लोराइड सळई असेल तर घनमीटरला 0.6 किलोच्या वर जाता कामा नये. एका घनमीटरला साधारण 180 लिटर पाणी लागते. पाण्यात लिटरला 2000 मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर एकट्या पाण्यातून 0.36 किलो आले, वाळू आणि खडीतले वेगळे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे 19 ग्रॅम असते. ते वापरले तर 3.4 किलो होते, म्हणजे मर्यादेच्या साडेपाच पटीहून अधिक. समुद्राच्या पाण्यात कालवणे किंवा त्याने क्युरिंग करणे, म्हणजे पकडलेला माल पाणी मारून ओला ठेवणे, शिफारसयोग्य नाही, असे हेच मानक स्पष्ट शब्दांत सांगते. आणि हा हिशोब फक्त एकदा ओतलेल्या पाण्याचा आहे. बाहेरून झिरपणाऱ्या भूजलाला तर मर्यादाच नाही.

राहिला 53 ग्रेडचा दावा. ग्रेडचा आकडा म्हणजे ठरावीक पद्धतीने केलेल्या मालाच्या क्यूबची 28 दिवसांची ताकद, 53 मेगापास्कल. क्षारांना ते सिमेंट किती तोंड देईल, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते अवलंबून असते सिमेंटमधल्या ट्रायकॅल्शियम अल्युमिनेटवर, पकडल्यानंतर उरणाऱ्या मोकळ्या चुन्यावर आणि काँक्रीट किती घट्ट, कमी छिद्रांचे झाले त्यावर. 53 ग्रेडचे सिमेंट घेऊन मालात जास्त पाणी ओतले तर ते क्षारांपुढे साध्या सिमेंटइतकेच दुबळे असते.

यावर काही जण सल्फेट-रोधक सिमेंट सुचवतात. नुसते सल्फेट असेल तर ते बरोबर आहे. त्यात ट्रायकॅल्शियम अल्युमिनेट 5 टक्क्यांच्या आत असते. पण हाच घटक आत शिरलेल्या क्लोराइडला काही प्रमाणात बांधून ठेवतो. तो कमी केला की सल्फेटपासून सिमेंट वाचते आणि क्लोराइडपुढे सळई उघडी पडते. म्हणून जिथे सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही असतील तिथे सल्फेट-रोधक सिमेंटऐवजी 5 ते 8 टक्के ट्रायकॅल्शियम अल्युमिनेट असलेले साधे पोर्टलँड सिमेंट, किंवा 50 टक्क्यांहून अधिक स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेले स्लॅग सिमेंट वापरावे, असे आयएस 456 मध्ये म्हटले आहे. आपल्या कालव्याखालच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी दोन्ही क्षार एकत्र सापडतात, म्हणून मी विचारणाऱ्यांना स्लॅग सिमेंट सुचवतो. त्याची पकड थोडी सावकाश येते, पण स्लॅग मोकळा चुना वापरून टाकतो आणि छिद्रे बारीक करतो, म्हणजे क्षारांना शिरायला वाट आणि खायला अन्न दोन्ही कमी मिळते.

सावकाश पकडणाऱ्या सिमेंटला क्युरिंग जास्त दिवस लागते, आणि इथेच बहुतेक कामे बिघडतात. माल टँकरच्या गोड्या पाण्यात कालवायचा आणि नंतर पाणी मारायला विहिरीचेच मचूळ पाणी घ्यायचे, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कालवलेले पाणी एकदाच जाते, मारलेले पाणी मात्र दिवसातून तीन-चार वेळा पडते, उन्हाने उडते आणि दर वेळी आपले क्षार पृष्ठभागावर ठेवून जाते. मानकानुसार क्युरिंगचे पाणीही कालवण्याच्या पाण्याइतकेच स्वच्छ हवे. त्यात काटकसर करायची असेल तर ओले गोणपाट आणि वर प्लास्टिक कागद घालून गोडे पाणी पुरवून वापरता येते.

जुन्या विहिरी खाऱ्या पाण्यातच उभ्या आहेत, असाही एक युक्तिवाद संदेशाखाली लोक जोडतात. त्या बहुतेक दगडी बांधणीच्या आणि चुन्याच्या आहेत, आणि त्यांत सळई नाही.

मग करायचे काय? आधी पाणी तपासून घ्यावे. बाजारात मिळणारे पेनासारखे टीडीएस मीटर यासाठी पुरेसे नाही, कारण ते सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देते. क्लोराइड किती, सल्फेट किती हे सांगत नाही. प्रयोगशाळेत क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम आणि पीएच मागून घ्यावे. अहवालात सल्फेट बहुधा एसओ-4 या रूपात लिहिलेले असते आणि आयएस 456 मधली 400 मिलिग्रॅमची मर्यादा एसओ-3 या रूपात आहे. अहवालातल्या आकड्याला 0.83 ने गुणले की तुलना करता येते. हा छोटासा फरक न कळल्यामुळे चांगले पाणी नाकारलेले मी पाहिले आहे. शंका उरलीच तर मानकातली सर्वांत खात्रीची कसोटी अशी: त्या पाण्याचे किमान तीन क्यूब आणि ऊर्ध्वपातित पाण्याचे तीन क्यूब करावेत, आणि 28 दिवसांनी पहिल्यांची सरासरी ताकद दुसऱ्यांच्या 90 टक्क्यांहून कमी भरू नये. मात्र ही कसोटी कालवण्याच्या पाण्यापुरती आहे. बाहेरून खारे भूजल लागणार असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर न नेणे आणि सळईवर 50 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण ठेवणे या मानकाच्या अपेक्षा पाळाव्या लागतात. आपल्याकडच्या पातळ रिंगांत एवढे आवरण बसतच नाही. म्हणून रिंग जाड करावी, किंवा पाण्याची पातळी वर-खाली होणाऱ्या पट्ट्यात सळईच्या रिंगांऐवजी घडीव काळ्या दगडाची बांधणी करावी.

बोअरच्या तोंडाशी केसिंग आणि मुरूम यांच्यातली जी पोकळी असते, तिथे मुरूम ढकलून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती सिमेंटच्या घट्ट रसाने, गोड्या पाण्यात कालवून, पक्का पाषाण लागेपर्यंत भरली तर वरच्या क्षारपड थरातले पाणी बोअरमध्ये उतरत नाही. या कामाला दोन-तीन पोती सिमेंट लागतात आणि गोडे पाणी लागते ते जेमतेम पाच-सहा घागरी.